पहिला आणि तिसरा शनिवार

१० जून, मंगळवार

आजपासून रोजनिशी. कोर्टात केस लढायची तर माणसाजवळ नोंदी पाहिजेत, असं मुन्ना म्हणाला. मुन्नाची इथं बल्लारपुरात साऊंड सर्व्हिस आहे. माझे अर्धे कार्यक्रम त्याच्याच माइकवर होतात. त्याच्या मोठ्या भावाचा तलाक झालेला असल्यामुळे त्याला कायदा माहीत आहे.

वस्तुस्थिती अशी. मी रोशन गुरनुले, निवेदक. लग्न, रिसेप्शन, गॅदरिंग, सत्कार, शोकसभा. माझी बायको रंजीता मागच्या उन्हाळ्यात आठ दिवसांसाठी माहेरी कुरखेड्याला गेली आणि अजून आली नाही. मुलगी मयुरी तिच्यासोबत. जाण्याचं कारण काहीच नव्हतं. मी खूप विचार केला, एकही सापडलं नाही.

निर्धार: मयुरीचा पूर्ण ताबा. दिवाळीच्या आत.

११ जून

रंजीताला फोन करून निर्णय कळवला. ती म्हणाली, भेटाचं असन तर या ना इकडे, तुमाले कोणी नाई म्हनलं काय? मी म्हणालो, मी सासुरवाडीच्या ओसरीवर पाहुण्यासारखा बसून माझ्या पोरीला भेटणार नाही. जे घ्यायचं ते हक्कानं घेईन, आणि हक्क हा मागून मिळत नसतो, तो सिद्ध करावा लागतो.

वाक्य चांगलं जमलं. फोन तिनं कधी ठेवला ते लक्षात आलं नाही.

१७ जून, मंगळवार

चंद्रपूरच्या कोर्टात गेलो. तिथल्या वकिलानं सांगितलं, केस मुलगी राहते त्या जिल्ह्यात. म्हणजे गडचिरोली. म्हणजे पहिल्याच पायरीवर कायदा आईच्या बाजूनं. हा मुद्दा मी कोर्टात मांडणार आहे.

त्यानंच सांगितलं की सरकारी विधी सेवेतून वकील फुकट मिळतो, फक्त उत्पन्नाचा दाखला लागतो. तलाठी साहेबांनी मला ओळखलं, त्यांच्या पुतणीच्या लग्नात मी होतो. म्हणाले, एवढे नाववाले माणूस, तुमाले कायले पाह्यजे दाखला? मी म्हणालो, एका कार्यक्रमासाठी. त्यांनी लगेच सही केली. उत्पन्न वाचून काहीच बोलले नाहीत, हे मला थोडं लागलं.

२७ जून, शुक्रवार

गडचिरोलीला वकील मिळाल्या. सुलताना मॅडम. वयानं माझ्याएवढ्याच, बोलणं कमी. मी प्रास्ताविक सुरू केलं तर म्हणाल्या, एकेक प्रश्न विचारते, तेवढंच सांगा.

मुलगी कितवीत? दुसरीत. वर्गशिक्षिका कोण? शाळा कुरखेड्याची असल्यामुळे सांगता येणार नाही. जवळची मैत्रीण? सगळ्याच, पोरगी मनमिळाऊ आहे. काय आवडते तिले? मी म्हणालो, माझा आवाज. हे त्यांनी लिहून घेतलं नाही.

म्हणाल्या, आठ वर्षांची मुलगी आईजवळ नीट राहून राह्यली, शाळेत जाऊन राह्यली. कोर्ट तुमचं-तिचं भांडण पाह्यत नाई, लेकराचं भलं पाह्यते. ताब्याच्या मागं लागू नका. नियमित भेट मागू. ते मिळू शकते.

मी मान्य केलं. डावपेच म्हणून. आता दर शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी आणि पूर्ण उन्हाळा एवढंच मागायचं.

घरी येऊन हिशोब केला. तिसरीत आहे. शाळा आताच कुठे सुरू झाली, त्यामुळे माझं उत्तर तसं चूक नव्हतं.

४ जुलै

अर्ज दाखल. त्यात घालायला मी माझा परिचय चार पानं लिहून दिला होता. मॅडमनी दोन ओळी घेतल्या. त्यातली एक पत्त्याची.

१३ जुलै, रविवार

मयुरीशी फोन. आज ठरवलंच होतं की मनसोक्त बोलायचं. तिला सगळं समजावलं. पप्पा तिच्यासाठी कसे लढून राह्यले, न्यायसंस्था म्हणजे काय, इथं घरी तिची खोली कशी रंगवणार. (खोलीत सध्या मुन्नाचे स्पीकर आहेत, ते हलवायचे.) तिनं एकदाही मधे तोडलं नाही. असं ऐकणारं लेकरू आजकाल मिळत नाही.

शेवटी विचारलं, मग बेटा, कधी येतेस? तिकडून सासूबाई, कमळाबाई, बोलल्या. म्हणाल्या, पोट्टी मघाच खेळाले गेली जवाई, तुमी बोला, मी ऐकून राह्यली.

मी म्हणालो, बाकी सगळे बरे आहेत ना. म्हणाल्या, हो, धानाची रोवणी सुरू हाये.

१९ जुलै

नोटीस कुरखेड्याला पोचली. सासरे गुणवंतराव यांचा फोन. मला वाटलं संतापतील. त्या दृष्टीनं मी उत्तरं तयार ठेवली होती. ते एवढंच म्हणाले, जवाई, कागद आला. धान लावून झालं की येतो आमी तारखेवर. तुमची तब्येत बरी हाय ना?

असल्या वागण्याला काय उत्तर देणार. मुन्ना म्हणतो, ही त्यांची चाल आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

कोर्टानं आधी मध्यस्थीला पाठवलं. एक निवृत्त न्यायाधीश, एक टेबल, एका बाजूला मी आणि मॅडम, दुसऱ्या बाजूला रंजीता आणि तिचे वकील. रंजीताला चौदा महिन्यांनी पाहिलं. बारीक झाली. केस मागं घट्ट बांधले होते. माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, बँकेत ओळखीचं कोणी दिसलं तर हलवतात तशी.

साहेबांनी तिला आधी बोलायला सांगितलं. ती म्हणाली, साहेब, यायनं लिवलं की मी भेटू देत नाई. मी दर वेळी या म्हनलं. दर शनिवारी या, दिवसभर राहा, जेवा, पोरीले शेतात न्या, शाळेत न्या. हे येत नाई.

मग तिनं जुनं उकरून काढलं. मयुरीला मलेरिया झाला होता तेव्हाचं. म्हणाली, पोरगी तापानं बडबडून राह्यली होती, मी यायले फोन लावून राह्यली होती, फोन बंद. शेजारच्याच्या गाडीवर पोरीले मांडीत घेऊन दवाखान्यात नेलं. हे दुसऱ्या दिवशी जेवाच्या वेळी आले आन् मले कार्यक्रम किती रंगला ते सांगत बसले.

मी स्पष्ट केलं की तो गोंडपिपरीचा कार्यक्रम होता आणि मंचावर निवेदकाचा फोन बंद असतो, हा व्यवसायाचा नियम आहे. साहेबांनी विचारलं, कार्यक्रम संपला किती वाजता? हा प्रश्न मूळ विषयाशी संबंधित नव्हता. मी तसं नम्रपणे सांगितलं.

मग ते म्हणाले, बाई दर शनिवारी या म्हणतात, अजून काय पाहिजे? मी म्हणालो, साहेब, ही मेहरबानी झाली. मला आदेश पाहिजे.

मध्यस्थी निष्फळ, असा शेरा पडला.

बाहेर पायऱ्यांवर सुलताना मॅडम थांबल्या. म्हणाल्या, एक विचारू? तुमाले पोरगी भेटाले पाह्यजे का केस जिंकाची हाये? मी म्हणालो, दोन्ही. त्या म्हणाल्या, मंग तारीख घेते.

मॅडम हुशार आहेत, पण त्यांना लढाऊ वृत्ती कमी.

१५ ऑगस्ट

सकाळी शाळेचा ध्वजारोहण कार्यक्रम. निवेदन उत्तम झालं. चौथीची एक मुलगी भाषणाला उभी राहिली आणि दुसऱ्याच वाक्यावर विसरली. मागं तिचा बाप उभा होता, चिखलाच्या पॅन्टीत, तो तिथूनच ओठ हलवून पुढचं वाक्य सांगून राह्यला होता. मुलीला दिसतही नव्हतं एवढ्या लांबून. कार्यक्रम लांबत होता म्हणून मी तिच्या हातून माइक घेतला, दोन ओळी बोललो, टाळ्या घेतल्या.

ती मंचावरून उतरली आणि सरळ बापाकडे गेली. त्यानं तिला कडेवर घेतलं. चौथीतली, मोठी पोरगी. पाय खाली लोंबत होते.

जिलेबी घेतली नाही. सध्या गोड कमी करायचं ठरवलं आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

सुनावणी. न्यायाधीश मॅडमनी विचारलं, अर्जदाराचं म्हणणं काय? मी उठलो. आदरणीय न्यायासन, उपस्थित विधिज्ञ मंडळी, इथपर्यंत आलो होतो. सुलताना मॅडमनी माझ्या बाहीला धरून खाली बसवलं. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.

दर शनिवार-रविवार मिळणं कठीण दिसतं. पोरगी रात्री राहायला पाठवायची नाही, असं तिकडच्या वकिलाचं म्हणणं. माझं घर कसं आहे ते न्यायाधीशांनी विचारलं. मी म्हणालो, प्रशस्त. एका खोलीत काय आहे, असंही विचारलं. स्पीकरचं त्यांना कोणी सांगितलं कळत नाही. मयुरीला फोनवर मीच सांगितलं असेल.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

विजय.

अंतरिम आदेश झाला. महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी अकरा ते एक, गडचिरोली कोर्टाच्या आवारातली मुलांची खोली. आईनं मुलीला आणायचं, बापानं भेटायचं. न्यायाधीशांनी आधी कुरखेडाच सुचवलं होतं. मी सुलताना मॅडमच्या कानात सांगितलं, कुरखेडा चालणार नाही. मॅडमनी दोनदा विचारलं. मी दोनदा नाही म्हणालो. शेवटी माझं मान्य झालं.

पेढे वाटले. मुन्ना म्हणाला, भाऊ, म्हंजे महिन्यातून चार घंटे? मी म्हणालो, ही सुरुवात आहे. तो म्हणाला, पोरीले कुरखेड्याहून गडचिरोली आणाचं, परत न्याचं, तिचा तर दिवसच जाईन. मी म्हणालो, कायद्यात काही गोष्टी पाळाव्याच लागतात.

रात्रभर झोप नाही. आनंदानं.

२० सप्टेंबर, शनिवार

पहिली भेट.

अकराच्या आधीच पोचलो. खोली लहान आहे. भिंतीवर ससा आणि जिराफ रंगवलेले, जिराफाच्या मानेवरून विजेची वायर गेलेली. खेळणी आहेत, कशाला चाक नाही, कशाला झाकण नाही. दारापाशी खुर्चीवर एक बाई बसतात, कोर्टाच्याच कर्मचारी. त्यांचं काम नजर ठेवणं. मी त्यांना माझं कार्ड दिलं.

मयुरी आली. उंच झाली. चेहरा पांढरा, हातात लिंबाची फोड. रंजीता तिला आत सोडून बाहेर गेली. मी ठरवलेलं स्वागताचं वाक्य म्हणालो. तिनं हसल्यासारखं केलं. फ्रॉक दिला, घालून पाहा म्हटलं. तो कोपरापाशीच अडकला. आजकाल कंपन्या मापं नीट ठेवत नाहीत.

मग मी गोष्ट सुरू केली. तिनं डोकं टेबलावर ठेवलं आणि झोपली. मी म्हणालो, मयुरी, बेटा, पुढं मजा आहे. दारातल्या बाई म्हणाल्या, निजू द्या भाऊ लेकराले. बसमध्ये उलट्या करत आली म्हणते तिची माय. तीनदा गाडी थांबवली.

शुक्रवारी लवकर झोपवायला पाहिजे होतं. हा आईचा निष्काळजीपणा. नोंद करून ठेवतो.

एक वाजेपर्यंत झोपली. मी बोललो नाही. लिंबाची फोड तिच्या मुठीत होती. माझा हात टेबलावर, तिच्या हाताच्या बाजूलाच होता. तसं पाहिलं तर भेट चांगली झाली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्याची पूर्ण रूपरेषा तयार. स्वागत, गोष्ट, कोडी, एक गाणं, मनोगत (तिचं), समारोप. आज गोंडपिपरीला सत्काराचा कार्यक्रम आहे, तो आटोपून सकाळी लवकर निघायचं. अलार्म तीन लावले.

४ ऑक्टोबर

सत्कार लांबला. मग त्यांनी जेवायचा आग्रह केला. मग सकाळी मूल गावाच्या पुढं गाडी पंक्चर. मी बारानंतर पोचलो. यात माझा दोष कुठं आहे ते कोणी दाखवून द्यावं.

मयुरी खुर्चीवर ताठ बसली होती, घड्याळाकडे तोंड करून. मी माफी मागितली नाही, कारण मुलांसमोर कमजोरी दाखवू नये. सरळ कार्यक्रमाला सुरुवात केली. वेळ कमी असल्यामुळे गोष्ट गाळली, कोडी भरभर घेतली. दोन तिनं बरोबर सांगितली. मनोगताला म्हणाली, मले काई नाई सांगाचं.

मग तिनं विचारलं, पप्पा, अजून किती वेळ हाये? मी म्हणालो, थोडाच. तिनं लांब श्वास घेतला.

वेळ अपुरा पडतो हे तिलाही जाणवतं. दोनऐवजी चार तास मागावेत. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, तुमी तिकडून किती वाजता निघाले होते? सगळे हाच प्रश्न विचारतात.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या तिसरा शनिवार, पण कोर्टाला दिवाळीची सुट्टी. हे आदेश घेताना कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

रंजीताचा फोन. म्हणाली, कोर्ट बंद हाये, तुमी दिवाळीले इकडे या. बाबांनी पण सांगितलं. मयुरीनं किल्ला बनवला, तुमाले दाखवाचा म्हणते. मी म्हणालो, आदेशात कुरखेडा लिहिलेलं नाही. उद्या तूच म्हणशील की हा घरात घुसला. ती म्हणाली, मी असं कायले म्हणीन? मी म्हणालो, लिखित काय ते बोल.

किल्ल्याचं खरं असेल असं वाटत नाही. मयुरीला मातीत हात घालायला आवडत नाही. निदान आधी आवडत नव्हतं.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. मुन्नाकडे जेवलो. त्यानं मुद्दाम बोलावलं होतं, त्याच्या गल्लीतल्या पोरी फटाके उडवून राह्यल्या होत्या. डोळ्यात धूर गेला. लवकर घरी आलो.

घरी काहीच आवाज नसतो.

१ नोव्हेंबर, शनिवार

मयुरीला आणलं नाही.

अकरा ते एक खोलीत बसलो. बाईंनी चहा मागवला. मी नको म्हणालो, मग प्यालो. जिराफाच्या पायाखाली कोणीतरी पेन्सिलनं लहान अक्षरात नाव लिहिलेलं आहे, लच्छू. कोणाचं लेकरू असेल, कोण भेटायला येत असेल त्याला.

सरळ मॅडमकडे गेलो. म्हणालो, आदेशाचं उल्लंघन झालं, अर्ज टाका, तिला शिक्षा झाली पाहिजे. मॅडम म्हणाल्या, टाकता येते. मग त्यांनी सांगितलं, काल रंजीताबाईच्या वकिलाचा फोन होता. पोरगी गुरुवारपासून जेवून नाई राह्यली. शनिवारी बस हाये म्हणून. काल तर बस स्टँडचं नाव काढलं तरी ओकारी.

मी म्हणालो, हे शिकवलेलं आहे. मॅडम म्हणाल्या, उलटी शिकवता येते का, रोशनभाऊ?

मला भाऊ म्हणाल्या, म्हणजे त्यांनाही माझी बाजू पटते. अर्ज टाकायला लावला. सही करताना पेन चालेना, दुसरा घेतला.

८ नोव्हेंबर

मुन्नाला सगळं सांगितलं. तो ॲम्प्लिफायर उघडून बसला होता. म्हणाला, भाऊ, बुरा मत मानो, पण तुम्ही एकदा कुरखेड्याले जाऊन काऊन नाई येत? मी त्याला तत्त्व म्हणजे काय ते समजावलं. तो म्हणाला, हो. स्क्रू पिळत राहिला. मी परत समजावलं. तो परत हो म्हणाला.

हल्ली लोकांना ऐकायला वेळ नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज आली. मी गेटपाशीच उभा होतो. बस नाही, मोटारसायकल. गुणवंतराव. मागं मयुरी, आजोबाच्या पाठीला शेल्यानं बांधलेली, तोंडावर मफलर, फक्त डोळे दिसत होते. एवढ्या थंडीत, कुरखेड्याहून. अंधार असतानाच निघाले असतील.

म्हाताऱ्यानं गाठ सोडली, तिला उतरवलं. तिला नीट उभं राहता येईना, पाय आखडले होते. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, जवाई, बसनं येत नाई ती, म्हणून म्या आणली. धान कापाचं तसंच टाकून आलो, त्याचं काई नाई. मले काई त्रास नाई. पन लेकराचे हात पाहा तुमी एकडाव.

मी पाहिले. बोटं वळत नव्हती. नखं निळी.

खोलीत गेलो. आज रूपरेषा होती, खिशातच राहिली. तिचे हात माझ्या हातात घेतले आणि चोळत बसलो. थोड्या वेळानं बोटं हलली. ती म्हणाली, आता बरं हाये. तरी मी सोडले नाहीत. तिनं काढूनही घेतले नाहीत. मग तिला डबा उघडून दिला, आजीनं दिलेला. तिनं थोडं खाल्लं, आता परत जायचंच आहे म्हणून पोट भरून खायचं नाही, असं म्हणाली. हे मोठ्या माणसासारखं म्हणाली.

गुणवंतराव बाहेर झाडाखाली उकिडवे बसून होते. एक वाजल्यानंतर त्यांनी तिला परत पाठीला बांधलं. मी मफलर नीट केला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच होतो.

माझा अर्ज मंगळवारी लागला आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मॅडमना फोन करून तारीख पुढं घ्यायला सांगितली. तब्येतीचं कारण दिलं. कोणाच्या, ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

निर्धार: येत्या शनिवारी कुरखेडा. फक्त पाहणी. आदेशाला बाधा न आणता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गाडीनं गेलो. आरमोरीच्या पुढं हात सुन्न झाले, दोनदा थांबून इंजिनावर शेकले. एवढ्या रस्त्यावर ती मागं बांधलेली होती, जाऊन येऊन.

वाटेत भाषण तयार केलं. तीन मुद्दे. एक, मी का आलो. दोन, याचा अर्थ माघार असा घेऊ नये. तीन, आभार.

कमळाबाईंनी पाणी दिलं. अंगणात धानाचं पुंजणं रचलेलं. त्याच्या कडेला मातीचा किल्ला, एक बुरूज कोंबडीनं उकरलेला. रंजीता ओसरीवर मशीनवर ब्लाऊज शिवत होती. बसा म्हणाली. मी उभ्यानंच पहिला मुद्दा सुरू केला. ती शिवतच राहिली. दुसऱ्या मुद्द्यापर्यंत आलो तेव्हा तिनं धागा दातानं तोडला आणि म्हणाली, तुमी आले ना, बस्स झालं. कायले एवढं सांगून राह्यले?

तेवढ्यात मयुरी आली. तिघी पोरी, धुळीनं भरलेल्या, धावत. अंगणात येऊन मला पाहिलं आणि तिथंच थांबली. हसू होतं चेहऱ्यावर, ते आत गेलं. हात फ्रॉकला पुसले. पाय जोडून उभी राहिली, त्या खोलीत राहते तशी. आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, आज कोर्ट इथी हाये काय?

मशीन बंद होती. मी म्हणालो, नाई बेटा. आज कोर्ट नाई.

तिनं परत विचारलं, नक्की?

मी म्हणालो, नक्की.

मंग मी जाऊ?

मी म्हणालो, जा.

ती पळाली. तिला पळताना मी किती दिवसांनी पाहिलं. उजवा हात जरा बाहेर टाकून पळते. रंजीता पण तशीच चालते, हे मला माहीत होतं का, आठवत नाही.

जेवलो. भात, शेंगाची भाजी. रंजीता वाढून बाजूला बसली. मी काही बोलायला गेलो, ती म्हणाली, आधी जेवा. मी जेवलो. निघताना दारापर्यंत आली. विचारलं, पुढच्या शनिवारी येता काय? मी म्हणालो, पाहतो. ती म्हणाली, पाहतो नाई. येत असान तर येतो म्हणा, नसान येत तर नाई म्हणा. पोरगी इचारते, मले तिले काईतरी सांगा लागते.

मी येतो म्हणालो. गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली. थंडीमुळे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दोन फोन.

पहिला चंद्रपूरहून, शनिवारी मोठं रिसेप्शन, दोन हजार माणूस, मंच मोठा. मी जमत नाही म्हणालो. त्यांनी विचारलं, दुसरीकडं बुकिंग हाये का? हो म्हणालो. कोणाकडं? मी म्हणालो, घरचंच आहे.

दुसरा मीच मॅडमना केला. शिक्षेचा अर्ज मागं घ्यायला काय करावं लागते, विचारलं. म्हणाल्या, आपसात ठरलं असं दोघं मिळून लिहून द्या, त्याले पुरसीस म्हणतात, मी बनवते. पण भेट कुरखेड्यालाच, असं लिहू ना? मी म्हणालो, लिहा. म्हणाल्या, वेळ किती लिहू? मी म्हणालो, रिकामा ठेवा. त्या म्हणाल्या, कोर्टात रिकामं नाई चालत, रोशनभाऊ. मी म्हणालो, मंग ती खेळून येते तोपर्यंत.

मॅडमनी दिवसभर असं लिहिलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

कुरखेडा. भाषण नेलं नव्हतं.

मयुरी पोरींसोबत पुंजण्यामागं खेळत होती. मी ओसरीवर बसलो. पाहुण्यासारखाच. गुणवंतराव आले, बाजूला बसले, धानाबद्दल बोलले. मी ऐकलं. कमळाबाई चहा देऊन गेल्या. ऊन भिंतीवरून अंगणात आलं.

दुपारी मयुरी पाणी प्यायला आली. उभ्यानंच गटगट प्याली. गिलास ठेवताना मी दिसलो.

पप्पा, तुमी अजून इथीच हाये?

हो म्हणालो.

बरं, म्हणाली, आणि खेळायला गेली.